प्रश्न अवघड कुणाला?

इथे अमेरिकेत कॉलेज क्विझमध्ये प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायची पद्धत नाही. सात-आठ ओळींचा प्रश्न असतो, वाचणारा भराभर वाचत असतो, आणि तिसऱ्या ओळीतलं एखादं नाव कानावर पडताच कुणीतरी बझर दाबतो. उत्तर बरोबर आलं तर १० गुण. प्रश्न संपायच्या आत दाबून चुकलात तर ५ वजा, आणि उरलेला प्रश्न समोरची टीम निवांत ऐकते. काही स्पर्धांत फार लवकर दाबणाऱ्याला १५ मिळतात. क्विझबोल म्हणतात याला.

ठाण्याला फोन केला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, ‘किती मिळाले?’ म्हणजे पैसे. केबीसीने आपल्याकडे क्विझ म्हटलं की चेक डोळ्यांसमोर आणायची सवय लावलीय. इथे शनिवारी सकाळी विद्यापीठाची एक रिकामी वर्गखोली असते, दोन्ही बाजूंना चार-चार जण, मध्ये वायरींचा गुंता आणि समोर लॅपटॉप घेतलेला मॉडरेटर. प्रेक्षक नाहीत. बक्षीस म्हणून बऱ्याचदा जुनी पुस्तकं. टेबलावर ढीग मांडलेला असतो, जिंकणाऱ्याने त्यातलं हवं ते उचलायचं. त्यासाठी पोरं पहाटे उठून, बर्फातून चार-पाच तास गाडी हाकत येतात. मी पीएच.डी.ला असूनही खेळते, त्याला इथे आडकाठी नाही. पण आता खेळण्यापेक्षा मला प्रश्न लिहायची चटक जास्त लागलीय.

हा खेळ मुळात रेडिओवरचा. ‘कॉलेज बोल’ अमेरिकेत १९५३ मध्ये रेडिओवर सुरू झाला आणि १९५९ मध्ये टीव्हीवर आला. त्याच्यावरूनच ब्रिटनमध्ये १९६२ साली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ निघालं. सध्या ते चालवतात त्या अमोल राजन यांचा जन्म कोलकात्याचा. टीव्हीवरचे प्रश्न आखूडच असायचे. पुढे विद्यार्थ्यांनी आपापल्या स्पर्धा भरवायला घेतल्या, १९९० च्या दशकात एसीएफ आणि एनएक्यूटी या संस्था उभ्या राहिल्या आणि प्रश्नाची आजची लांबलचक घडण रूढ झाली. एसीएफच्या काही स्पर्धांत तर खेळायला येणाऱ्या टीमनेच प्रश्नांचं पॅकेट लिहून पाठवायचं असतं. लवकर पाठवलं तर फी कमी!

या घडणीला पिरॅमिड म्हणतात. पहिल्या ओळीत अशी माहिती द्यायची जी त्या विषयात खोल शिरलेल्यालाच असेल. मग हळूहळू सोपं करत आणायचं. ‘१० गुणांसाठी’ म्हणत शेवटची ओळ येते, तेव्हा खोलीतल्या बहुतेकांना उत्तर यायला हवं. एकच प्रश्न, पण ज्याला सगळ्यात जास्त माहीत तो सगळ्यात आधी दाबणार.

आई ठाण्यातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीय. अनेक वर्षं पेपर काढण्यात गेल्याने तिला हे समजावायला फार वेळ लागला नाही. वीस टॉसअपांच्या, म्हणजे बझर दाबून सोडवायच्या प्रश्नांच्या, पॅकेटमध्ये साहित्याचे चार, इतिहासाचे चार, विज्ञानाचे चार, कलांचे तीन, मग धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान वगैरे एकेक, असं मी सांगत होते तर ती म्हणाली, “म्हणजे पेपर काढतानाचा संविधान तक्ता की गं! भारांश ठरलेले, काठिण्यपातळी ठरलेली.” मग क्षणभर थांबून, “पण आमच्यात सोपा प्रश्न वेगळा, कठीण वेगळा. तुम्ही दोन्ही एकाच प्रश्नात कोंबता.” याहून नेमकं वर्णन मी इथल्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

प्रश्न लिहायला लागल्यावर पहिलं लक्षात येतं ते हे, की काठिण्य माहितीत नसतंच. ते समोर कोण बसलंय यात असतं. मी ठाण्यावर टॉसअप लिहिला होता. तो सेट, म्हणजे त्या स्पर्धेचा सगळा प्रश्नसंच, आता सगळीकडे खेळून झालाय, म्हणून इथे देता येतो. साधारण असा:

‘या ठिकाणी १३२१ मध्ये तोलेंतीनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले. त्यांच्या अस्थी पोर्देनोनेच्या ओडोरिकने इथून पुढे चीनला नेल्या. पोर्तुगीजांनी इथे बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये तो घेतला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाकडे गोष्टी झुकल्या. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर पकडला गेलेला त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातून निसटला. १० गुणांसाठी, बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी सुटलेली भारतातली पहिली प्रवासी गाडी साष्टी बेटावरच्या कोणत्या गावापर्यंत गेली?’

खाली उत्तराची ओळ: ‘ठाणे’. ‘ठाणा’ चालेल. मुंबई म्हटलं तर चूक. ही शेवटची सूचना लिहिताना मला जरा जास्तच समाधान वाटलं, हे ठाणेकर समजून घेतील.

ओडोरिकची गोष्ट १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही सापडते. त्र्यंबकजीची तर फार सुरस आहे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता पळून जायचा बेत गाण्यातून खिडकीपर्यंत पोचवत होता, असं सांगतात. आता तिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. ही गाण्याची गोष्ट मला प्रश्नात हवी होती, पण आख्यायिकेवर ओळ खर्ची घालायला एडिटर राजी होत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. धागा, म्हणजे उत्तराकडे नेणारी खूण, पक्का हवा आणि दुसऱ्या कशालाही लागू पडणारा नको. बाबांचा आग्रह होता, ‘तलावांचं शहर’ घाल. घातलं असतं तर एखादी बिचारी ‘उदयपूर’ म्हणून ५ गुण घालवून बसली असती, आणि भोपाळवाले वेगळेच भांडले असते. खेळाडूला फसवणारा असा धागा हा लेखकाचा गुन्हा समजला जातो.

प्रश्न एडिटरकडे गेला. धाग्यांचा क्रम चांगला आहे असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ विचारणा: शेवटच्या ओळीनंतर किती खोल्यांत उत्तर येईल? ती नेहमीची, मध्यम पातळीची स्पर्धा होती. ओहायो-इलिनॉयच्या पोरांना पहिली गाडी भारतात १८५३ मध्ये धावली हे एक वेळ माहीत असतं. ती कुठे जाऊन थांबली हे कशाला माहीत असेल? प्रश्न संपल्यावर दोन्ही टीम गप्प बसल्या की टॉसअप ‘मेला’ म्हणतात. दहातल्या आठ खोल्यांत मरणारा टॉसअप कितीही देखणा असला तरी त्या स्पर्धेच्या कामाचा नाही. माझं मत अजूनही असं आहे की राष्ट्रीय स्पर्धेत तो चालला असता. पण या सेटमध्ये ठाणे गेलं बोनसमध्ये.

टॉसअप जिंकणाऱ्या टीमला तीन भागांचा बोनस मिळतो, भागाला १० गुण, चौघांनी आपसात बोलून उत्तर द्यायचं. एक भाग सोपा, एक मध्यम, एक कठीण. लिहिणाऱ्यांमध्ये रूढ असलेला अंदाज असा, की सोपा भाग शंभरातल्या ९० टीमना यावा, मध्यम ५० ना आणि कठीण १० ना. माझ्या बोनसमध्ये सोपा भाग होता ईस्ट इंडिया कंपनी, मध्यम मराठे आणि कठीण ठाणे. ठाण्यातल्याच नौपाड्यात जन्मलेल्या बाईने ‘ठाणे’ या उत्तरापुढे ‘कठीण’ असं लिहायचं!

मागच्या दिवाळीत घरी आले तेव्हा मूळचा टॉसअप सगळ्यांपुढे वाचला. बझर नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या हातात स्टीलची ताटली आणि चमचा. आई, बाबा, शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, आणि मुंबईच्या क्विझमंडळींत वावरणारा माझा आत्तेभाऊ. ओडोरिक येऊन गेला, कुणी हललं नाही. १७३७ आणि पोर्तुगीज किल्ला म्हटल्यावर बाबांनी चमचा उचलला, पण वसई की ठाणे या विचारात राहिले. त्र्यंबकजीला आईची ताटली वाजली. प्रश्न शेवटपर्यंत वाचला असता तर काका १८५३ च्या आधी ‘सोळा एप्रिल’लाच ओरडले असते, आणि वर साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं, चौदा डबे नि चारशे पाहुणेही ऐकवले असते. तसे ते त्यांनी नंतर ऐकवलेच. इथल्या खोलीत जी ओळ संपल्यावर शांतता पसरेल, ती नौपाड्यात प्रश्नच उरू देत नाही.

आत्तेभावाला मात्र हा प्रकार पटला नाही. आपल्याकडच्या क्विझमध्ये क्विझमास्टर स्वतः प्रश्न काढतो, स्क्रीनवर एक लांबलचक किस्सा दाखवतो, त्यातच खुणा पेरलेल्या असतात, आणि टीम डोकं लढवून उत्तरापर्यंत पोचते. पाउन्स घ्यायचा (पाळी नसताना धोका पत्करून उत्तर द्यायचं) की बाउन्सची (प्रश्न फिरत आपल्याकडे येण्याची) वाट बघायची हा वेगळा जुगार. तो म्हणाला, “तुझ्या प्रश्नात वर्कआउट करायला काय आहे? माहीत असेल तर असेल.” मुद्दा खोटा नाही. आपला चांगला प्रश्न उत्तर चुकलेल्यालाही ‘अरे, यायला हवं होतं’ अशी हळहळ देऊन जातो, ती मजा पिरॅमिडमध्ये कमी. पण आपल्याकडचा प्रश्न कुठल्या क्रमाने कुणाकडे आला यावर बरंच अवलंबून असतं, आणि क्विझमास्टरच्या आवडीनिवडीवर त्याहून जास्त. पिरॅमिड रूक्ष आहे, पण कुणी किती वाचलंय हे तो बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो. मला आता तो रूक्षपणा आवडायला लागलाय, असं म्हटल्यावर भाऊ म्हणाला, “अमेरिका मानवली तुला.”

उलटी अडचण शिवाजी महाराजांवर लिहिताना येते. इथल्या मुरलेल्या खेळाडूंना महाराज माहीत आहेत, पण ते अफजलखान आणि वाघनखांपुरते. हा धागा इतक्या वेळा वापरून झालाय की तो आला की बझर वाजणारच, म्हणून तो अगदी शेवटी टाकायचा. सुरुवात मी राज्यव्यवहारकोशाने केली. मग १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडन, मग दक्षिण दिग्विजय आणि जिंजी. इथे हा क्रम उत्तम चालला. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, “यात कठीण काय आहे? चौथीचं पुस्तक आहे हे.” तिच्या दृष्टीने त्या प्रश्नाला कठीणाकडून सोप्याकडे जाणारा उतारच नव्हता. आणि माझी इथली गत विचाराल तर ‘सोपा भाग’ म्हणून अमेरिकेच्या इतिहासातलं मिसूरी कॉम्प्रोमाइज आलं की मी टीममधल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडाकडे बघते.

उतार जमलाय की नाही हे आता नुसत्या अंदाजावर सोडावं लागत नाही. सेट स्पर्धेला जायच्या आधी ऑनलाइन जमून ओळखीच्या खेळाडूंवर प्रश्न वाचून पाहतात, त्याला प्लेटेस्ट म्हणतात. आणि स्पर्धेनंतर काही सेटांची अशी नोंद निघते की कुठल्या खोलीत नेमक्या कोणत्या शब्दावर बझर वाजला. सगळ्या खोल्यांत एकाच शब्दावर वाजला असेल तर समजायचं, आधीच्या ओळी कुणालाच माहीत नव्हत्या आणि तो शब्द सगळ्यांना. मग जिंकला तो अभ्यास नव्हे, बोटाचा वेग. अशी नोंद पहिल्यांदा पाहताना मला उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आईची फार आठवण झाली. तीही तपासून झाल्यावर, कोणता प्रश्न पोरांनी घाऊक सोडलाय ते वेगळं लिहून ठेवायची.

सध्या काय लिहितेय ते सांगता येणार नाही. एकच सेट वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या आठवड्यांत खेळला जातो, आणि शेवटच्या ठिकाणी खेळून होईपर्यंत त्यातल्या प्रश्नांबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नसतो. आईला यात काहीच विशेष वाटलं नाही, पेपर फुटू द्यायचा नसतो एवढं तिला पुरतं. काकांना मात्र राहवत नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच एक टॉसअप करून पाठवलाय, उत्तर ‘मामलेदार मिसळ’. पहिली ओळ आहे: ‘ही फार तिखट असते.’ मी कळवलं, काका, हे दुसऱ्या मिसळीलाही लागू पडतं, धागा एकमेव हवा. त्यांचं उत्तर आलंय, “ठाण्यात दुसरी आहे कुठली?”