त्रिकोणी डोंगर

रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, ऑइल पेंटिंगच्या क्लासला जाणं म्हणजे पुण्यात जवळजवळ धर्मभ्रष्ट होणंच. एक ते चारची झोप सोडून आम्ही काही मंडळी टर्पेंटाइनच्या वासात उभे असतो. त्या दिवशी विषय होता समुद्रकाठचा कडा आणि मागे डोंगररांग. सर म्हणाले, "आधी लांबचं. आभाळ, मग डोंगर. कडा सगळ्यात शेवटी." ब्रश टेकवला आणि हाताने मला न विचारताच त्रिकोण काढला. शेजारच्या काकूंकडे पाहिलं, त्यांचाही त्रिकोण. पलीकडच्या आयटीवाल्या मुलाने तर दोन काढून मधल्या खाचेत सूर्याची जागाही धरून ठेवली होती.

शाळेत 'निसर्गचित्र' म्हटलं की हेच. दोन त्रिकोण, मध्ये अर्धा सूर्य, तिथूनच निघणारी नदी, काठावर झोपडी. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सिंहगड दिसायचा, टॉवरसकट. तो कुठल्या बाजूने त्रिकोणी दिसतो, सांगा! तरी अख्खा वर्ग खिडकीकडे पाठ करून त्रिकोण काढायचा आणि बाई 'छान' लिहून सही करायच्या. एकाने मात्र माथा आडवा, सपाट काढला होता. बाईंनी त्याची वही उंच धरली. "हे काय, टेबल?" वर्ग खो-खो हसला. पुढे आम्ही सगळे एलिमेंटरीला बसलो, तो बसला नाही.

मुळात सह्याद्री आहेच आडवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. टणक थर कडा म्हणून उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. गड चढताना आधी धाप, मग जरा सपाटी, मग पुन्हा धाप, ती यामुळेच. पेंटिंगच्या नाइफवर, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीवर, रंग घेऊन आडवे फटकारे मारले की हा डोंगर आपोआप जमायला लागतो. पण व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना बर्फाची टोकं हवी असतात, नाहीतर पांढरेशुभ्र कडे. फ्रेंच चित्रकार मोनेने १८८०च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे एत्रेताचे कडे रंगवले, ते पांढऱ्या खडूच्या दगडाचेच होते, त्याला पांढरा शोभतो. आपला कातळ काळा, आणि खाली कोकणात जांभा, तांबडालाल.

तरी काळी ट्यूब सर उघडू देत नाहीत. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालायचा. निळा वाढवला की सावलीतला कातळ, सिएना वाढवला की उन्हातला. लांबच्या रांगेला त्यातच पांढरा भरपूर, म्हणजे ती फिकी, निळसर होत मागे सरकते. हे एवढं कळल्यापासून गच्चीवरून डोंगर बघताना मी मनात ट्यूबा पिळत असतो. घरच्यांना वाटतं, मी विचारात आहे.

खरा छळ वाळण्याचा. ऑइल रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा तेलकट. उलटं केलं तर पुढे तडे जातात. माझा कडा बराच जाड लागलाय. आषाढ चालू आहे, हवा ओली. वरून दुधासारखी साय धरली आहे, बोट लावलं की आतून ओलाच. वॉर्निश निदान सहा महिन्यांनी, असं सर म्हणतात.

तोवर चित्र कपाटावर. हॉलमध्ये लावायचं की बेडरूममध्ये, यावर घरात रोज चर्चा होते. हॉलच्या सोफ्याला तो निळा जात नाही म्हणे. सोफा बदलायला मी तयार आहे, पण माझं कोण ऐकतंय.