त्रैराशिक कुठे चुकते

मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या घरी दिवसाची सुरुवात नळाखाली ड्रम लावण्याने होते. नववीची परीक्षा देऊन सुट्टीत आलेल्या माझ्या भाचीला मी तो भरत असतानाच रेषीय फलन, म्हणजे ज्याचा आलेख सरळ रेषा येतो असा दोन राशींमधला संबंध, समजावले, कारण वर्षभर समीकरणे सोडवूनही ‘चढ’ म्हणजे नेमके काय, हे तिच्या मनात उतरले नव्हते.

ड्रम रिकामा नव्हता. तळाशी आदल्या दिवशीचे २० सेंटिमीटर पाणी होते. आम्ही त्यात लाकडी पट्टी उभी धरली आणि नळ सोडला. पाच मिनिटांनी पट्टीची ओली रेघ ३२ वर आली, दहा मिनिटांनी ४४ वर. वीस मिनिटांनी किती होईल, असे विचारताच ती म्हणाली, “मावशी, वेळ दुप्पट, म्हणजे पाणीही दुप्पट. अठ्ठ्याऐंशी!” ड्रमची उंची जेमतेम ८० सेंटिमीटर, तिचे उत्तर खरे असते तर पाणी अंगणात वाहिले असते. प्रत्यक्षात वीस मिनिटांनी पट्टीवर ६८ दिसले.

तिची चूक निष्काळजीपणाची नव्हती, आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. एक किलो संत्र्यांचे ८० रुपये तर दोन किलोंचे १६०, हे त्रैराशिक आपण लहानपणापासून इतके घोटतो, की शून्य किलोला शून्य रुपये पडतात म्हणूनच ते जुळते, हे विसरून जातो. ड्रममध्ये शून्य मिनिटालाच २० सेंटिमीटर पाणी होते. म्हणून एकूण पातळीची तुलना न करता पातळीत पडलेला फरक पाहायला हवा: दर पाच मिनिटांना १२, म्हणजे मिनिटाला २.४ सेंटिमीटर. पातळी = २० + २.४ × मिनिटे. यातले २.४ हा रेषेचा चढ आणि २० ही तिची सुरुवात. उद्या ड्रममध्ये आधीचे पाणी कमी-जास्त असले तरी नळाची धार तीच असेल तर चढ बदलणार नाही. आलेखावर रेषा फक्त वर किंवा खाली सरकेल, मूळ रेषेला समांतर राहून.

तापमानाचेही असेच आहे. पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला की फॅरनहाइटमध्ये तो ११३ होतो, कारण सूत्रात ९/५ ने गुणून ३२ मिळवावे लागतात. त्या ३२ मुळे एका मापातली दुप्पट दुसऱ्या मापात दुप्पट राहत नाही, पण सेल्सिअसमध्ये ५ अंशांची वाढ झाली की फॅरनहाइटमध्ये ती नेहमी ९ अंशांचीच असते, मग ती जानेवारीतली असो वा मेमधली. मुलांना हे सूत्र पाठ करायला लावण्याआधी हा फरक त्यांच्याकडून मोजून घ्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दुपारी भाचीने स्वतःहून माठ घेतला. ड्रमच्या भिंती सरळ, म्हणून प्रत्येक उंचीवर पाण्याला जागा सारखीच. माठाचे पोट मात्र फुगीर. तिने एकेक लिटरचे तांबे ओतत प्रत्येक वेळी पट्टी बुडवून पाहिली. पहिल्या तांब्याने पातळी जवळजवळ पाच सेंटिमीटर चढली, माठाच्या पोटाशी ती दर तांब्याला दीडवर आली आणि गळा जवळ येताच पुन्हा भराभर वाढू लागली. वहीत तिने सगळे बिंदू जोडले तेव्हा ड्रमच्या सरळ रेषेशेजारी एक वाकडी रेघ उमटली: आधी उभी, मधे आडवी होत गेलेली, शेवटी पुन्हा उभी. “याला एकच चढ नाही,” ती म्हणाली आणि जिथे रेघ सर्वांत आडवी होती, तिथे तिने माठाचे पोट काढून दाखवले.