तुम्ही विचारलंत म्हणून: १५ ते २६ मधली अकरा वर्षं

"मॅडम, दोन वर्षं झाली, पोरगी त्याच उंचीवर अडकलीय, आता बास करायचं का?"

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. मी मुलींना पोल व्हॉल्ट शिकवते, आमच्याकडे जुनी माणसं अजून बांबू उडीच म्हणतात, पोल फायबरचा असला तरी. प्रॅक्टिस संपली की आई नाहीतर बाबा गाडी स्टँडवर लावून येतात, हळू आवाजात विचारतात, आणि पोरगी तिकडे बुटाची लेस सोडत बसलेली असते. तिला सगळं ऐकू येत असतं. मी दरवेळी एका ग्रीक बाईची गोष्ट सांगते, पण गेटपाशी उभ्या उभ्या ती अर्धवट राहते, म्हणून आज एकदाची पूर्ण लिहून काढतेय.

तिचं नाव कॅटेरिना स्टेफनिडी. ग्रीक उच्चार स्तेफानिदीच्या जवळचा आहे, पण आपल्याकडे बातम्यांत स्टेफनिडी आलं तेच ठेवते. अथेन्सची, १९९० चा जन्म, आई-वडील दोघंही ॲथलीट, त्यामुळे मैदान घरातच होतं म्हणायला हरकत नाही. २००५ मध्ये मोरोक्कोत माराकेशला वर्ल्ड यूथ चॅम्पियनशिप झाली, त्यात तिने गोल्ड घेतलं. वय १५. आपल्या मुलींच्या नववी-दहावीचं वय. आता पुढचं नीट वाचा कारण मला सांगायचंय ते इथेच आहे. २००७ मध्ये त्याच स्पर्धेत सिल्व्हर. २००८ मध्ये वर्ल्ड ज्युनियरला ब्राँझ. गोल्ड, मग सिल्व्हर, मग ब्राँझ. यातलं कुठलंही मेडल साधं नाही हे मला कळतं, पण आपल्या घरात असा क्रम लागला असता तर ब्राँझच्या संध्याकाळीच कोणीतरी म्हणालं असतं की आता अभ्यासाकडे बघ.

तिने अभ्यासाकडेही बघितलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत गेली, शिकत शिकत कॉलेजसाठी उड्या मारत राहिली आणि २०१२ मध्ये तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, म्हणजे एनसीएएची, चॅम्पियन झाली. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिम्पिक. तिथे ती क्वालिफिकेशनलाच बाहेर गेली, चोविसावी आली. यूथचं गोल्ड घेऊन सात वर्षं झाली होती आणि वय २२.

मधे असं का होतं ते थोडं सांगते, कारण पालकांना वाटतं मुलगी मेहनत करत नाही. बारा-तेराव्या वर्षी अंग हलकं असतं, मऊ पोल सहज वाकतो, पोरगी वर जाते. मग उंची वाढते, वजन वाढतं, रन-अपची पावलं लांब पडायला लागतात आणि टेक-ऑफचा मार्क चुकतो. प्रत्येक पोलवर वजनाचा आकडा असतो, तो किती भार पेलेल त्याचा. अंग वाढलं की कडक पोल घ्यावा लागतो. आणि कडक पोल लगेच वाकत नाही हो, धाव कमी पडली की सरळ मागे रनवेवर फेकतो. मी स्वतः कॉलेजात असताना अशी मागे पडलेय, मॅटच्या कडेला पाठ आपटली की पुढचे चार दिवस बॉक्सकडे (पोल टेकवायच्या खड्ड्याकडे) पळताना पाय आपोआप हळू होतात, कोच कितीही ओरडू दे. वरचा हात ग्रिप टेपवर एका बोटाने खाली धरला तरी वाटतं की जरा सेफ आहे, आणि तेवढ्या एका बोटात उंची जाते. हे सगळं पुन्हा जुळायला वर्ष लागतं, कधी दोन, आणि त्या काळात बाहेरून बघणाऱ्याला एकच दिसतं, बार पडतोय.

स्टेफनिडीचं जुळलं ते अमेरिकेतच. ॲरिझोनात ती निक हायसाँगकडे शिकली, हा स्वतः २००० च्या सिडनी ऑलिम्पिकचा पोल व्हॉल्ट चॅम्पियन, आणि नंतर तिचा नवरा मिचेल क्रायर हाच तिचा कोच झाला. २०१४ ला युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर, २०१६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला इनडोअर ४.९० मीटर, जुलैत ॲमस्टरडॅमला युरोपियन गोल्ड.

मग रिओ. २०१६ चा तो १९ ऑगस्ट आपल्या सगळ्यांना आठवतो, संध्याकाळी सिंधूची फायनल होती आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच आवाज होता. मी त्या रात्री जेमतेम झोपले, कारण पहाटे पाचला महिलांची पोल व्हॉल्ट फायनल होती. स्टेफनिडी आणि अमेरिकेची सँडी मॉरिस, दोघी ४.८५ वर. ४.९० दोघींनाही गेलं नाही. मॉरिसची शेवटची उडी मला आजही डोळ्यांसमोर दिसते, वर पोचली होती, पण बारला घासली, तो डुगडुगला आणि पडला. उंची सारखी असली की कागद बघतात, ज्याच्या फुल्या, म्हणजे चुकलेल्या उड्या, कमी तो पुढे. गोल्ड स्टेफनिडीला. माराकेशनंतर अकरा वर्षांनी, वयाच्या २६ व्या वर्षी.

यावर एका मुलीने मला विचारलं होतं की मॅडम, रशियाच्या इसिनबायेवाचं वर्ल्ड रेकॉर्ड तर ५.०६ आहे, मग तुम्ही हिचंच का सांगता? प्रश्न बरोबर होता. रिओनंतर तीन आठवड्यांनी मॉरिसने ब्रसेल्सला ५.०० मारली. स्टेफनिडीची आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी ४.९१ ची आहे, म्हणजे फेब्रुवारी २०१६ च्या त्या ४.९० पेक्षा फक्त एक सेंटिमीटर जास्त. पण ती कुठे मारली बघा. ऑगस्ट २०१७, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, आणि जागा लंडनचं तेच स्टेडियम जिथे पाच वर्षांपूर्वी ती चोविसावी आली होती. गोल्ड, आणि ग्रीसचं नॅशनल रेकॉर्ड. इसिनबायेवा महान आहेच, मी तिच्याच उड्या बघत मोठी झाले, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं आजचं दुखणं ५.०६ चं नाहीये, दोन वर्षं न हललेल्या बारचं आहे.

पुढचं पटकन सांगते. २०१८ ला बर्लिनमध्ये पुन्हा युरोपियन गोल्ड, २०१९ ला दोहा वर्ल्डमध्ये ब्राँझ. मार्च २०२० मध्ये कोरोना पसरत असताना ऑलिम्पिक वेळेवरच होणार असं सांगितलं जात होतं, तेव्हा ही उघडपणे बोलली की आम्हाला सराव करायला लावून आमच्या आणि घरच्यांच्या जिवाशी का खेळताय. आणि दोनच दिवसांनी अथेन्सच्या त्या जुन्या संगमरवरी स्टेडियममध्ये, एकही प्रेक्षक नसताना, टोकियोला ज्योत सोपवायच्या सोहळ्यात तिनेच तिथलं ज्योतीचं कुंड पेटवलं. मला दोन्ही गोष्टी तेवढ्याच आवडल्या. वाकडं न बोलता स्पष्ट बोलायचं आणि आपलं कामही करायचं, हे जमवणं सोपं नाही. टोकियोत ती ४.८० मारून चौथी आली, ब्राँझ ४.८५ ला गेलं. पाच सेंटिमीटर, तुमच्या मधल्या बोटापेक्षाही कमी. तरी थांबली नाही, २०२२ ला म्युनिकला युरोपियन सिल्व्हर आणि २०२४ ला रोममध्ये परत सिल्व्हर, वयाच्या ३४ व्या वर्षी.

मी असं म्हणत नाहीये की प्रत्येक मुलगी थांबली नाही की मेडल येतंच. बहुतेकींचं येत नाही, माझंही आलं नाही. आणि मुलीलाच नको असेल तर एका दिवसात बंद करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण तिला विचारा, मला नको, आणि घरी जाऊन निवांत विचारा, गेटपाशी नको.

परवा ज्या बाबांनी विचारलं त्यांच्यासाठी एवढंच, की तिचा पोल आपण आधीपेक्षा एका नंबरने जास्त कडक घेतलाय, रन-अपचा मार्क दीड फूट मागे नेलाय, आणि काल सहापैकी दोन उड्यांना पोल नीट वाकला. दिवाळीपर्यंत थांबा.