चेनसॉची चेन कोरडी का पडते?

पावसाळ्याआधी वाडीतला वठलेला फणस चेनसॉने तोडायला घेतला. अर्ध्यावरच बारमधून, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीतून, धूर येऊ लागला, चेन निळसर पडली. चेनला ऑइल देणारी टाकी मात्र भरलेलीच. एरवी पेट्रोल संपेस्तोवर ऑइलही जवळजवळ संपायला हवं. ते नाही संपलं, तर ते चेनपर्यंत पोचत नाही हे नक्की.

शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, ऑइलचा पंप गेला. नवीन टाका." दुकानदारही हेच सांगतो, त्याला पंप विकायचा असतो! मी आधी बार उतरवला. फणसाच्या ओल्या भुशाचा ऑइलमध्ये भिजून पक्का लगदा झाला होता, खोबणीत आणि बारच्या मागच्या, ऑइल आत येण्याच्या बारीक भोकातही. खोबणी पत्र्याच्या पट्टीने खरवडली, भोक तारेने मोकळं केलं.

मग बार-चेन न लावताच, क्लचपासून हात लांब ठेवून मशीन चालवलं. बॉडीच्या भोकातून ऑइल आलं, म्हणजे पंप शाबूत. नसतं आलं तर टाकीतली जाळी, टाकीत हवा घेणाऱ्या झडपेचं भोक, नळी आणि शेवटी पंप फिरवणारी क्लचमागची गरारी बघावी लागली असती. ऑइल कमी-जास्त करायचा पंपाचा स्क्रू कमी करून ठेवलेला नाही ना, हेही पाहावं.

सगळं जोडून बारचं टोक वर्तमानपत्रावर अधांतरी धरलं, रेस दिली. कागदावर तेलाची रेघ उमटली.

गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून अनेकजण ओततात. त्यात धातूची कीस असते, ती पंपच खाते. मी बार ऑइलच घेतो.