रविवारचे दोन पाव

रविवार, रात्र

आज दोन पाव एकदम भाजले. एक ओट्यावर फडक्याखाली आहे, दुसऱ्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाकले. पुढच्या रविवारपर्यंत पावाची सोय झाली.

परदेशात आल्यावर हिशेबाची वही घातली, तेव्हा घरभाडं आणि प्रवास यांत कात्री लावायला जागाच नव्हती. हात घालता येईल ते फक्त खाण्यात. म्हणून घरी पाव करायला लागले. पण म्हणावी तशी बचत होईना, आणि का ते कळायला दोन महिने गेले. यीस्टच्या ७ ग्रॅमच्या सुट्या पुड्या आणायचे, अर्धा किलो मैद्याला एक अख्खी पुडी. वर एका पावासाठी ओव्हन वीस मिनिटं रिकामा तापवायचा. एकदा भाजण्याआधी आणि नंतर विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला, तेव्हा डोळे उघडले. तापलेल्या ओव्हनला एक पाव काय नि दोन काय, वीज जवळजवळ तेवढीच.

आता यीस्टचं मोठं पाकीट घेते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवते. १ किलो मैदा, ६८० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम मीठ, यीस्ट फक्त ४ ग्रॅम. यीस्ट कमी घातलं की वेळ जास्त द्यायचा. शनिवारी संध्याकाळी कालवायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा कडा ओढून घड्या घालायच्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. पीठ सैल असलं की ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांची, जाळी बरीचशी आपली आपणच धरते. आठवडाभर राबून आल्यावर पीठ तिंबत बसायचं त्राण माझ्यात नसतं, त्यामुळे ही पद्धत मला खरोखर देवासारखी भेटली. चवही या सावकाश फुगण्यातूनच येते.

एकदा घाईत कढत पाणी ओतलं होतं. यीस्ट ६० अंशांच्या आसपास मरतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पीठ तसंच बसून राहिलं. मोजून आणलेलं पीठ टाकवेना, मग पातळ लाटून तव्यावर भाजून दोन दिवस तेच खाल्लं.

फ्रिजमध्ये तयार पाव ठेवायची चूकही बरेच दिवस केली. त्या गारव्यात पावातला स्टार्च लवकर ताठरतो, बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा होतो पाव. फ्रीझरमध्ये ते जवळपास थांबतं. कापच करून ठेवायचे, म्हणजे हवे तेवढेच काढून शेकता येतात आणि वाया काही जात नाही.

आज २३० अंशांवर चाळीस मिनिटं लागली. तळाला टिचकी मारली, पोकळ आवाज आला. गरम कापला तर आतून चिकट लागतो, म्हणून तासभर हात लावला नाही. घरभर तो खरपूस वास असताना तासभर थांबणं सोपं नाही.

वहीत मैदा, यीस्ट आणि वीज वेगवेगळी मांडली. मैदा तळाला आलाय, उद्या येताना आणायचा.