मूठ उघडताना

सकाळी उठून चहाचा कप घ्यायला गेलो, तर उजवा हात आलाच नाही. तोंडही वाकडं झालं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झालेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझा अर्धांगवायूचा झटका झोपेत कधी आला हेच कुणाला सांगता येईना, त्यामुळे ते हुकलं.

पाय दीड महिन्यात चालता झाला. हात मात्र मुठीत अडकला. भेटायला येईल तो सांगे, चेंडू दाबा. शेजारच्या मेडिकलवाल्यानं हसऱ्या तोंडाचा पिवळा चेंडूच आणून दिला. दिवसभर दाबत बसायचो. फिजिओ मॅडमनी पाहिलं आणि काढून घेतला. "काका, मूठ तुमची आपसूकच वळतेय. अडलंय ते उघडायचं." तीस वर्षं शिवणकाम केलं मी. कात्री उघडल्याशिवाय कापत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग मशीन आलं. पेसमेकर नाही ना, हे आधी विचारून घेतलं. मनगट आणि कोपराच्या मध्ये, हाताच्या मागच्या बाजूचे केस काढून तिथं चिकटपट्ट्या लावल्या. करंटचं साधं मशीन ठरल्या वेळी झटके देतं. माणूस झोपला तरी त्याला फरक पडत नाही. हे तसं नव्हतं. बोटं उघडायचा प्रयत्न केला, की स्नायूत जो बारीकसा विजेचा इशारा उठतो तो हे टिपायचं. पडद्यावरची रेघ खुणेच्या वर गेली तरच करंट सोडायचं आणि मनगट वर, बोटं सरळ. खूण गाठता आली नाही तर काहीच नाही. मॅडमचं म्हणणं, मेंदूनं बजावणं आणि हात हलणं एकाच वेळी घडत राहिलं, तर शाबूत राहिलेला भाग ते काम शिकून घेतो.

पहिले चार दिवस रेघ जागची हलली नाही. हात बघ्यासारखा पडून, आणि मी मात्र घामाघूम. घामानं पट्ट्याही सुटायच्या. पाचव्या दिवशी बोटं उघडली. बायको शेजारी होती. "अहो, मशीननं केलं की तुम्ही?" मला उत्तर देता येईना.

जमू लागलं की मॅडम खूण वर सरकवायच्या. रागच यायचा. वीस मिनिटांत असा थकायचो, जणू लग्नसराईतले ब्लाऊज रात्रभर शिवलेत.

घरी आरशाचा व्यायाम दिला. दुकानातला ट्रायलचा आरसा आडवा करून दोन हातांच्या मध्ये उभा ठेवला, उजवा हात त्याच्यामागे. डावा हलवायचा आणि आरशात तो उजवा समजून बघायचा. आधी हसू आलं, नंतर चटक लागली.

आता आठ महिने झाले. अंगठा आणि दोन बोटं मशीनशिवाय उघडतात, करंगळी अजून आतच. थंडीत पुन्हा सगळं आवळतं. मोठी कात्री मुलगा चालवतो. मी धागे तोडायच्या छोट्या कात्रीवर आहे. तिला स्प्रिंग असते, स्वतःच उघडते.