आरमारातल्या आजोबांचा माग: आधी नंबर, मग बोट

‘आजोबा लढाईत बोटीवर होते.’ कोकणातल्या पुष्कळ घरांत पुढच्या पिढीला एवढंच वाक्य मिळतं. पण ‘बोटीवर’ म्हणजे व्यापारी बोटीवरचा खलाशी की रॉयल इंडियन नेव्हीतला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या हिंदी नौदलातला नाविक, हे आधी ठरवायला लागतं, कारण पुढचे रस्ते वेगळे आहेत. खलाशाच्या पेटीत डिस्चार्ज पुस्तक निघतं, जुन्या खलाशांच्या तोंडी ‘नळी’. त्यात सफरीगणिक नोंद असते. नाविकाकडे सर्व्हिस सर्टिफिकेट, म्हणजे नोकरीच्या नोंदीचा कागद, आणि पदकं. आमच्या पेटीत कागद नव्हताच. तीन पदकं आणि एक फोटो, एवढ्यावर सुरुवात केली.

पदकं ब्रासो लावून घासायची नाहीत. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं नाव न कोरता दिली गेली. हिंदी दलांच्या पदकांवर मात्र बहुधा नंबर, नाव आणि हुद्दा असतो, आणि घासून झिजतात ती हीच अक्षरं. गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या पाठीमागे बघायचं. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून कडा बोटभर बोटभर फिरवली आणि दर वेळी फोटो काढला. समोरून उजेड टाकला तर काहीच वाचता येत नाही. नाव इंग्रजीत होतं, आडनाव गायब: फक्त स्वतःचं आणि वडिलांचं. त्यामुळे आडनावावरून केलेला शोध वाया जातो. खरी किल्ली नंबर.

पदकांवरून तारखाही निघतात. इंडिया सर्व्हिस मेडलला ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात तीन वर्षांची सेवा लागे. म्हणजे ते असेल तर माणूस उशिरात उशिरा सप्टेंबर १९४२ च्या सुरुवातीला भरती झालेला. बर्मा स्टार असेल तर बंगालच्या उपसागरातल्या किंवा ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या बोटी आधी तपासायच्या. पदकाच्या रंगीत फितीवर विसंबू नये. घरात कोणीतरी कधीतरी त्या अदलाबदल केलेल्या असतात. ताऱ्याचं नाव धातूवरच असतं, ते वाचावं.

फोटोतल्या टोपीच्या पट्टीवर बोटीचं नाव मिळेल ही आशा फोल ठरते. युद्धकाळात पट्टीवर नुसतं ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असे, शत्रूला सुगावा नको म्हणून. बाह्या मात्र बोलतात. उजव्या बाहीवर कामाचं चिन्ह: पंखांमधली वीज म्हणजे तारायंत्रवाला, आडवे-तिडवे झेंडे म्हणजे सिग्नलवाला, बोटीचा पंखा म्हणजे स्टोकर, बॉयलरवर काम करणारा. डाव्या बाहीवरचा एक नांगर लीडिंग सीमनचा, म्हणजे साध्या नाविकाच्या वरच्या हुद्द्याचा. त्याच बाहीवरच्या व्हीसारख्या पट्ट्या बघून ‘आजोबा सार्जंट होते’ असं आमच्याकडे सांगितलं जायचं. नौदलात त्या चांगल्या वर्तणुकीच्या, पहिली तीन वर्षांनंतर मिळणारी.

सर्व्हिस सर्टिफिकेट शेवटी चुलत घरात, पोथीच्या घडीत सापडलं. शोधताना एकाच घरात थांबू नये. त्यात बोटीचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत, असे रकाने असतात. इथे मोठा खड्डा आहे: प्रत्येक ‘एच.एम.आय.एस.’ पाण्यावर नव्हती. तलवार ही मुंबईतली सिग्नल शाळा, मच्छीमार वेसाव्याची पाणबुडीविरोधी शाळा, अकबर ठाण्याजवळ कोलशेतला, शिवाजी लोणावळ्याला, वलसुरा जामनगरजवळ रोझीला. शिवाजी तर समुद्रापासून मैलोगणती लांब. हे माहीत नसेल तर आजोबा दोन वर्षं ‘तलवार’ नावाच्या जहाजावर समुद्रात फिरत होते असा इतिहास घरात तयार होतो.

मग वहीत दोन रकाने केले: डावीकडे आजोबांचे महिने, उजवीकडे त्या बोटीच्या हालचाली. हालचालींसाठी १९६४ साली निघालेला या नौदलाच्या युद्धकार्याचा अधिकृत खंड पुरतो. जमना आणि सतलज या बोटी जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत होत्या; पण नाविक जमनावर ऑगस्टात चढला असेल तर सिसिली त्याची नाही. ‘बंगाल’ने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ओंदिना या डच टँकरबरोबर दोन जपानी हल्लेखोर जहाजांना तोंड दिलं, त्यातलं एक बुडालं. त्या बोटीचं नाव कागदावर दिसलं तरी तारीख पाहिल्याशिवाय कोणाला फोन करू नये.

चुकीच्या दारांवरही वेळ जातो. लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारातल्या नाविकांच्या नोंदवह्या रॉयल नेव्हीच्या. हिंदी नाविक त्यात शोधू नये. छापील नेव्ही लिस्ट अधिकाऱ्यांची. गावातली ‘या गावातून इतके पुरुष लढाईवर गेले’ ही शिळा पहिल्या महायुद्धाची असते. युद्धात मृत्यू झाला असेल तर मात्र कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नंबर, बोट आणि कधी कधी गावही मिळतं. या नौदलाच्या ४०० हून अधिक नाविकांची नावं मुंबई आणि चितगावच्या स्मारकग्रंथांत आहेत.

नौदलातून सुटकेचं वर्ष १९४६ दिसलं की ‘ते नौदलाच्या बंडात होते’ असं ठरवून टाकतात. युद्ध संपल्यावर त्या वर्षी हजारो नाविक नेहमीच्या क्रमाने घरी पाठवले गेले. १८ फेब्रुवारीला तलवारवर उठाव सुरू झाला तेव्हा आपला नाविक कुठल्या बोटीच्या पटावर होता, आणि सुटकेच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, या दोन्ही गोष्टी बघाव्या.

घरात कागद नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं, आणि १९४७ नंतर भारतीय नौदलात राहिलेल्या नाविकासाठी मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहावं. माझं पहिलं पत्र फुकट गेलं, कारण त्यात आडनाव होतं, नंबर नव्हता. दुसऱ्यात नंबर, कागदावरचंच इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरतीचं अंदाजे वर्ष, नात्याचा पुरावा आणि पदकाच्या कडेचा फोटो, इतकं घातलं. जिल्हा लिहिताना त्या काळचा लिहायचा: मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस तेव्हा रत्नागिरीचा, सिंधुदुर्ग १९८१ साली झाला.